चार बोटं उंच ओटा

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर थोरल्यानं विचारलं, "आजी, तुझ्या मागची भिंत हिरवी कधी झाली?" मी पटकन म्हणून गेले, "रंग दिला की." ते खरं नव्हतं. भिंत वेगळी आहे, खोली वेगळी आहे, गावही वेगळं आहे. मी आणि तुमचे आजोबा आता शिरूरला तुमच्या घरी राहत नाही. दौंडला भाड्याच्या खोलीत राहतो. तुमच्या बाबांनी तुम्हाला सांगितलं असेल की आजी-आजोबा हवापालटाला गेलेत. दौंडला हवापालटाला कोणी गेल्याचं निदान माझ्या तरी ऐकिवात नाही.

हे इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हा दोघांना वाचायला सोपं गेलं असतं. मी रेल्वे कॉलनीतल्या शाळेत इंग्रजीतच शिकले आणि बुकिंग ऑफिसात आयुष्यभर इंग्रजीतच अर्ज, खुलासे आणि स्मरणपत्रं लिहिली. अडचण तीच आहे. इंग्रजीत लिहायला बसले की हात आपोआप तक्रार-अर्जाकडे वळतो, आणि हा अर्ज नाही. याच्यावर कोणाची सही नको, कोणी निकाल द्यायला नको. मराठी वाचायला तुम्हाला मीच शिकवलं, तेव्हा कुठं अडलात तर मला विचारा. एकच अट. वाचून झाल्यावर बाबांना फोन करून भांडायचं नाही. तुमचा बाप होण्याआधी तो माझा मुलगा आहे. भांडण असलंच तर ते माझं आहे.

गोष्ट ओट्याची आहे. स्वयंपाकाच्या ओट्याची.

लग्नानंतर मी सगळी नोकरी रेल्वेच्या क्वार्टरमध्ये काढली. क्वार्टर बदलायचं, गाव बदलायचं, पण ओटा सगळीकडे एकाच उंचीचा, आणि ती उंची माझी नव्हती. मी किती बुटकी आहे ते तुम्हाला माहीत आहे. भाकरी थापायची तर खांदे उचलून थापायची, आणि संध्याकाळपर्यंत मान आखडलेली. तुमचे आजोबा तेव्हा मालगाडीचे गार्ड. पाटसजवळच्या खेड्यातले, मेंढरं राखणाऱ्या घरातले पहिले नोकरदार. ते म्हणायचे, "मडम, बसून थाप की. आमची आई चुलीम्होरं बसून साऱ्या घराच्या भाकरी थापती, तिची मान कवा दुखली न्हाई." मी म्हणायचे, "तुमच्या आईला भाकरी झाल्यावर तिकिटाच्या खिडकीवर बसून लोकांच्या शिव्या खायच्या नसतात."

निवृत्त झाल्यावर आम्ही दौंडला स्वतःचं घर बांधलं, तेव्हा गवंड्याला मी सांगितलं, बाकी काही चुकलं तरी चालेल, ओटा चुकायचा नाही. माप घ्यायची माझी एक पद्धत आहे. भिंतीला पाठ लावून सरळ उभं राहायचं, हात कोपरात वाकवायचा, कोपराच्या खाली चार बोटं मोजायची आणि तिथं पेन्सिलीनं रेघ मारायची. त्या रेघेवर कडप्पा. पाहुण्या बायका हसायच्या, "हा काय बाहुलीचा ओटा?" हसू देत. त्या ओट्यावर थापलेल्या भाकरीनं माझी मान कधी आखडली नाही. तुम्ही सुट्टीत यायचात तेव्हा त्याच ओट्यावर बसून गुळाचे खडे खायचात, कारण तुम्हालाही चढता येईल एवढाच तो उंच होता.

मग आजोबा न्हाणीत घसरले. हाड मोडलं नाही, पण गुडघ्यांनी कायमची रजा टाकली. तुमचे बाबा शिरूरहून आले. तेव्हा त्यांनी रांजणगावच्या कारखान्यातल्या नोकरीवर कर्ज काढून घर बांधायला घेतलं होतं आणि खालचा मजला पैशाअभावी अर्धा राहिला होता. चहा पिता पिता ते म्हणाले, "आई, दोन घरं कशाला? दोन लाइटबिलं, दोन घरपट्ट्या, दोन कामवाल्या. दौंडचं विकू, त्यात खालचा मजला पूर्ण करू. पुढची खोली तुम्हा दोघांची. जिना नको, काही नको. आप्पांना काही झालं तर मी भिंतीपलीकडे."

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. मी दोन्ही बाजू मांडून पाहिल्या, आणि सोबत राहण्याचीच बाजू जड होती. एकच प्रश्न विचारला, "घर कुणाच्या नावावर?"

"कर्ज माझ्या आणि हिच्या नावावर आहे, तर घरही आमच्याच नावावर लागतं. बँकेचं तसं असतं. आणि आई, घरातल्या घरात कसली लिखापढी?"

खिडकीवर बसले असताना पावती दिल्याशिवाय मी कुणाचा रुपया घेतला नाही आणि पावती घेतल्याशिवाय दिला नाही. त्या दिवशी मी मान डोलावली. पावती मागितली असती तर मी त्याची आई राहिले नसते, खिडकीवरची बाई झाले असते. आमच्या पिढीत असं वाटतं. तुमच्या पिढीत वाटू नये.

दौंडचं घर विकलं. घेणाऱ्यांनी पहिल्याच आठवड्यात ओटा फोडला, असं जुन्या शेजारणीनं कळवलं. मला वाईट वाटलं नाही. त्यांचं घर, त्यांचा ओटा.

शिरूरची पहिली वर्षं चांगली गेली, हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून तुम्हाला तसं वाटणार नाही. तुम्ही तेव्हा घरातच होतात. धाकटी शाळेतून आली की दप्तर आमच्याच खोलीत टाकायची. आजोबा दारात खुर्ची टाकून बसायचे आणि हायवेवरून जाणारे कंटेनर मालगाडीचे डबे मोजावेत तसे मोजायचे. रात्री सगळे एकत्र जेवायचो. एक गॅस, एक कामवाली, दुखलंखुपलं तर हाकेला माणूस. फायदे म्हणतात ते हेच, आणि ते खरोखर मिळाले.

मग तुम्ही दोघं शिकायला परदेशी गेलात आणि घर एकदम मोठं वाटायला लागलं. शिक्रापूरपासून शिरूरपर्यंत हायवेच्या कडेनं ज्याच्याकडे चार भिंती जास्त आहेत तो घरमालक झालेला आहे. कारखाने आहेत, कारखान्यांत पोरं आहेत, पोरांना खोल्या हव्यात. वरच्या तुमच्या दोन खोल्या भाड्यानं गेल्या ते तुम्हाला माहीत आहे. तुमची पुस्तकं खोक्यांत भरून माळ्यावर मीच ठेवली आणि प्रत्येक खोक्यावर आत काय आहे ते लिहिलं. त्यात मला गैर काही वाटलं नाही. रिकामी खोली भाड्यानं द्यावी. प्रश्न भरलेल्या खोलीचा होता.

स्वयंपाकघरातला ओटा तुमच्या आईच्या उंचीचा होता, आणि ते बरोबरच होतं, स्वयंपाकघर तिचं होतं. मी परात खाली घेऊन बसून भाकरी थापायचे आणि उठताना भिंतीला धरायचे. एका संध्याकाळी तुमचे बाबा दारात उभे राहून ते बघत होते. म्हणाले, "आई, तुझ्या खोलीतच तुला एक ओटा करून देतो. सिंक, नळ, सगळं. आप्पांना पहाटे चहा लागतो, तेवढ्यासाठी तू इकडे चाचपडत येतेस."

मी किती खूश झाले ते तुम्हाला आठवत असेल. तुम्हाला फोन करून सांगितलं होतं.

शेजारच्या आजीबाई मात्र फाटकातूनच ओरडल्या, "काय वं, चूल येगळी मांडली व्हय?" आपल्या भागात एका घरात दोन चुली दिसल्या की त्याचा एकच अर्थ होतो. कोणी कोणाशी भांडलं आणि कोणी काय घेतलं, एवढंच मग गावाला जाणून घ्यायचं असतं. मी म्हटलं, "चूल नाही हो, चहाचा ओटा आहे. मुलगा हौसेनं करतोय."

त्या म्हणाल्या, "हौसंनं व्हय? आमच्या पोरानं तर नळ गळतोय त्यो बी दुरुस्त केला न्हाई."

मला त्यांची दया आली होती.

गवंडी आला. मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले, कोपर वाकवलं, चार बोटं मोजली, रेघ मारली. त्याला दोनदा दाखवली. त्याच आठवड्यात आजोबांना दौंडच्या रेल्वे दवाखान्यात तपासणीला न्यायचं होतं, म्हणून आम्ही जुन्या शेजारणीकडे मुक्कामाला गेलो. परत आलो तर ओटा तयार. काळं चकचकीत ग्रॅनाइट, स्टीलचं सिंक, मागं पांढऱ्या फरश्या. पुढं जाऊन उभी राहिले आणि खांदे आपसूक वर गेले. वाकून पाहिलं. ग्रॅनाइटच्या खाली, भिंतीवर, माझी रेघ होती तशीच होती. ओटा तिच्या चार बोटं वर बसवला होता.

गवंडी फरशीच्या सांध्यांत पांढरं सिमेंट भरत होता. म्हटलं, "अहो, रेघ दाखवली होती ना?"

"दावली व्हती की, आजी. म्या तितंच ठेवणार व्हतो. सायेब म्हनले, न्हाई, ष्टँडर ठेव."

तुमच्या बाबांना विचारलं तर म्हणाले, "खाली सिलिंडर बसायला हवा ना, आई." दौंडच्या ओट्याखाली सिलिंडर बसत होता. पण मी स्वतःला सांगितलं, तो सिलिंडर लहान असेल. सिलिंडर लहान-मोठे नसतात हे मला माहीत होतं. माणूस स्वतःशी किती मवाळ बोलतो बघा.

दोन-तीन दिवसांनी त्यांनी कारखान्यातून एक पाट करून आणला. पॅकिंगच्या फळ्यांचा, कडा घासून अगदी गुळगुळीत, खाली रबर लावलेलं, म्हणजे घसरू नये. "यावर उभी राहा." उभी राहिले. बरोबर चार बोटांचा होता. तुम्हाला कॉलवर दाखवला तेव्हा तुम्ही टाळ्या वाजवल्या होत्या.

त्यानंतर आमच्या खोलीला बाजूनं एक दार काढलं, थेट अंगणात उघडणारं. आजोबांना बाहेर जायला सोपं, असं कारण सांगितलं. मग एक दिवस वायरमन आला आणि आमच्या खोलीचा वेगळा सबमीटर लावून गेला. गीझरचा लोड वाढतो, असं कारण सांगितलं. प्रत्येक वेळी मी तुमच्या बाबांना "थँक्यू" म्हटलं. इंग्रजीत, कारण मराठीत आई मुलाचे आभार मानत नाही.

मग ती दुपार. तुमचे बाबा कारखान्यात, आई तिच्या शाळेत. आजोबा खाटेवर पेपर वाचत होते आणि मी पाटावर उभी राहून भाकरी थापत होते. बाजूच्या दारावर टकटक झाली. कोपऱ्यावरचा किराणावाला, आणि त्याच्यामागं एक नवराबायको. दोघंही विशी-पंचविशीतले. किराणावाला दुकानाबरोबर खोल्या मिळवून द्यायचंही काम करतो.

"आजी, रूम दाखवायची व्हती."

"वरची? वरची मुलं गेली का?"

"वरची न्हाई वं. हीच. सायेब म्हनले, एक तारखेला रिकामी हुतीया. तुमाला सांगितलं न्हाई व्हय?"

माझ्या हातावर अर्धी थापलेली भाकरी होती. ती मी तव्यावर टाकली. हातातली भाकरी कुठंतरी टाकावीच लागते.

मुलीनं चप्पल बाहेर काढली आणि आत आली. सभ्य होती. खोलीभर नजर फिरवून तिनं किराणावाल्याला विचारलं, "भैया, दरवाज़ा अलग है, मीटर भी अलग है?"

"सब अलग है. रूम-किचन, एकदम सेपरेट. मालिक का झंझट नहीं."

ती माझ्याशेजारी येऊन ओट्यापाशी उभी राहिली. पाट नाही, काही नाही, सरळ जमिनीवर. कणीक मळावी तसे दोन्ही तळवे ग्रॅनाइटवर ठेवले आणि एकदा दाबून पाहिलं. तिचे खांदे जागेवर होते. नवऱ्याकडे वळून हसली. "हाइट एकदम ठीक है. झुकना नहीं पड़ेगा."

त्या क्षणी मला सगळं एकदम दिसलं. ओटा, दार, मीटर. ज्या ज्या गोष्टीसाठी मी थँक्यू म्हटलं होतं ती प्रत्येक गोष्ट या मुलीसाठी केलेली होती. तिची आणि माझी आधी ओळख नव्हती, तिलाही माझी माहिती नव्हती, पण घर तिला ओळखत होतं.

तिनं मला विचारलं, "माताजी, आप लोग कहाँ शिफ़्ट हो रहे हो?"

मी आजोबांकडे पाहिलं. त्यांनी पेपर तोंडावर धरला होता. पान उलटत नव्हतं.

मी त्या दोघांना चहा दिला. आल्या-गेल्याला चहा न देता पाठवायची सवय मला नाही, आणि त्यांचा काही गुन्हाही नव्हता.

संध्याकाळी तुमचे बाबा आले. हातपाय धुऊन टेबलाशी बसले. मी विचारलं, "खोली बघायला माणसं आली होती. आम्ही कुठं जाणार आहोत?"

"आई, मी सांगणारच होतो."

"आता सांग."

"गच्चीवरची पत्र्याची खोली नीट करून घेतोय. वर सीलिंग टाकतो, कूलर लावतो. हवा बघ किती छान आहे वर."

"आप्पांचे गुडघे?"

"जिन्याला कठडा लावतोय. आणि रोज खाली यायचंच कशाला? जेवण वर येईल."

तुमची आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आई, वर बॅचलर मुलं आहेत त्यांचा तुम्हालाच त्रास होतो. खाली फॅमिली आली की घराला शिस्त राहते. आणि खालच्या रूम-किचनला भाडं कितीतरी जास्त येतं."

"हप्ता आहे, मुलांची फी आहे," तुमचे बाबा म्हणाले. "तुला काय वाटतं, मला हे आवडतंय?"

हे वाक्य कोणी तुमच्याजवळ बोललं तर मनावर घेऊ नका. तुमच्या फीसाठी मी पेन्शन दिलीच असती, मागितली असती तर. माझ्याजवळ मागायचं नाही, असं ठरलं होतं.

मी विचारलं, "ओटा कुणासाठी बांधलास?"

तो खोटं बोलला नाही, हे मी त्याच्या बाजूनं नोंदवते. म्हणाला, "सध्या तुझ्यासाठीच होता ना, आई. वापरलास की इतके दिवस."

तेव्हा आजोबांनी तोंड उघडलं. "आगं, जाऊ दे की आता. म्या हो म्हनलोय त्याला."

"कधी?"

"गवंडी यायच्या आदी. त्यानं इचारलं व्हतं मला. पोरगं अडचनीत हाय, मडम. तुला सांगितलं असतं तर तू कागद काढून बसली असती."

मुलगा आईला फसवतो, हे मी पुष्कळ घरांत पाहिलं आहे. खिडकीवर बसलं की माणसांची सगळी रडगाणी ऐकू येतात. त्याचं दुःख झालं, पण त्याची मला कुठंतरी तयारी होती. याची नव्हती. मी रेघ मारत होते तेव्हा आजोबा खाटेवर बसून बघत होते. मला म्हणाले होते, "नीट मार, वाकडी हुईल." रेघेचा उपयोग नाही हे त्यांना तेव्हा माहीत होतं. आयुष्यभर गार्ड होते ते. हिरवा बावटा दाखवून मोकळे झाले, आणि मला गाडी हलल्यावर कळलं.

मी भांडले नाही. क्वार्टर सोडताना जसं सोडतात तशी खोली सोडली. रेल्वेत नियम असतो. जागा ताब्यात देताना नळ, दिवे, कड्या सगळं चालू स्थितीत दाखवायचं आणि झाडून-पुसून द्यायचं. मी फरश्या सोड्यानं घासल्या, सिंक चकचकीत केलं, मीटरचं रीडिंग तुमच्या बाबांना दाखवलं. ओट्याखालची रेघ मात्र पुसली नाही. हात गेला होता, पण पुसली नाही. किल्ली ग्रॅनाइटवर ठेवली आणि पाट पिशवीत घातला. माझ्या उंचीचा विचार करून केलेली त्या खोलीत तेवढी एकच वस्तू होती, आणि तीही त्याच मुलानं केलेली. त्याचं काय करावं हे मला अजून कळलेलं नाही.

आजोबांना म्हटलं, "चलता का?" ते म्हणाले, "पोराला सोडून न्हाई येत." म्हटलं, "बरं." तुमच्या बाबांनी गाडीनं सोडतो म्हटलं. मी नको म्हटलं आणि न्हावरा, चौफुला, पाटस करत एसटीनं दौंडला आले. पाटसला कारखान्याला निघालेल्या उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडवला होता. बस बराच वेळ उभी होती आणि माझ्या मांडीवर पिशवीतला पाट टोचत होता.

जुन्या शेजारणीच्या ओळखीनं स्टेशनमागं एक खोली पाहिली. घरमालकानं आधी माझ्या वयाकडे पाहिलं.

"एकट्याच राहणार? मूलबाळ न्हाई का?"

"आहे. एक मुलगा."

"मग?"

"मग काय? भाडं किती ते सांगा."

त्यानं सांगितलं. मी पावती मागितली. तो हसला, पण दर महिन्याला पावती देतो.

महिनाभर एकटी राहिले. मध्ये तुमच्याशी बोलायचे ते शेजारणीच्या ओसरीवरून, म्हणून तुम्हाला कळलं नाही. आजोबा गच्चीवर गेले. चढताना वरच्या मुलांनी त्यांना दोन्हीकडून धरून नेलं, आणि मग ते खाली आलेच नाहीत. जेवण खरंच वर जात होतं. एकदा फोनवर म्हणाले, "मडम, हितनं रस्ता दिसत न्हाई. नुसतं आभाळ दिसतंय." आणखी काही दिवसांनी दारात गाडी थांबली. तुमच्या बाबांनी त्यांना हाताला धरून उतरवलं, बॅग पायरीवर ठेवली, खोलीत एकदा नजर टाकली आणि म्हणाले, "येतो, सेकंड शिफ्ट आहे."

आजोबा उंबऱ्याशी उभे. आत यायचं धाडस होईना. खिडकीवर विचारतात तसं म्हणाले, "जागा हाय का, मडम?"

मी म्हटलं, "कन्फर्म नाही. आरएसी आहे. अर्धी खाट मिळेल."

"चालतंय," ते म्हणाले, "उभ्यानं परवास केलाय म्या."

मी त्यांना माफ केलं असं समजू नका. चहा दिला. ते रोज सकाळी माझ्याआधी उठून पाणी भरतात आणि मी काही म्हणावं म्हणून वाट बघतात. मी अजून म्हटलेलं नाही. गाड्यांचे भोंगे ऐकून कुठली गाडी ते सांगतात, निम्म्या वेळा चुकतात.

गेल्या आठवड्यात तुमच्या बाबांचा फोन आला. ते नवराबायको गावी परत गेले म्हणे. "आई, खालची खोली रिकामी झालीय. तुम्ही दोघं या परत. तुझीच खोली आहे." आवाज मऊ होता. तो मनापासून बोलत होता, याची मला खात्री आहे. लहानपणी ताप उतरल्यावर तो असाच बोलायचा. मला एका क्षणात बॅग भरावीशी वाटली.

मी म्हटलं, "ओटा खाली घेशील? चार बोटं?"

तो म्हणाला, "आता ग्रॅनाइट कुठं फोडायचं, आई? पाट आहे ना तुझ्याकडं? आणि उद्या परत कुणाला द्यायची वेळ आली तर..."

वाक्य त्यानं तिथंच तोडलं. आपण काय बोललो ते त्यालाही ऐकू आलं असावं. पलीकडं कारखान्याचा भोंगा झाला.

मी विचारलं, "जेवलास का?"

"हो."

"मग ठेव."

आजोबा खाटेवरून बघत होते. मी पाटावर चढून राहिलेल्या भाकरी केल्या. इथला ओटाही उंचच आहे. पण हा मी तुझ्यासाठी बांधलाय, असं घरमालक मला कधी म्हणाला नाही.

डिसेंबरात याल तेव्हा पुण्याहून डेमू लोकलनं सरळ दौंडला या. खोली लहान आहे, पण खाली अंथरूण टाकलं की चौघं मावतो, मी मोजून पाहिलंय. शिरूरलाही नक्की जा, बाबांजवळ राहा, त्यांना तुमची फार आठवण येते. तेव्हा पुढची खोली रिकामी असली तर आत जा आणि ओट्याखाली वाका. सिलिंडरच्या मागं भिंतीवर पेन्सिलीची एक रेघ आहे. मी तिथं राहणार होते.